एका भाषेचे तीन तुकडे

२०२० सालच्या जून महिन्यात उत्तर प्रदेश बोर्डाचे निकाल लागले. दहावी आणि बारावी मिळून जवळपास आठ लाख मुलं एका विषयात नापास झाली होती. तो विषय गणित नव्हता. इंग्रजीही नव्हता. तो होता हिंदी!

बातमी वाचून देशभर आश्चर्य व्यक्त झालं. घरी कुणी अवधी बोलत असेल, कुणी भोजपुरी, कुणी ब्रज. पण बाजार, सिनेमा, भाषणं, भांडणं, सगळं तिथे हिंदीतच चालतं. कबीर, तुलसीदास आणि प्रेमचंद त्याच मुलखातले. मग मुलं हिंदीत नापास होतात कशी?

कारणं अनेक असतील. शाळेत मास्तर नसतात, मास्तर असले तर पुस्तकं नसतात, भाषा काय, आयत्या वेळी जमेल, असं घरात सगळ्यांनाच वाटत असतं. पण एक कारण असं आहे, की ते फक्त उत्तर प्रदेशापुरतं नाही. ते ओळखायला मराठी आईबापांना दूर जावं लागणार नाही. मुलाचं दप्तर उघडावं. व्याकरणाची वही वेगळी, निबंधाची वेगळी, धड्यांच्या प्रश्नोत्तरांची वेगळी. सोमवारी प्रयोग आणि समास, बुधवारी ‘माझा आवडता ऋतू’, शुक्रवारी धड्याखालचे प्रश्न. या तिन्ही वह्यांची एकमेकींशी ओळखच नसते. धड्यातल्या सुंदर वाक्याचा प्रयोग कोणता, हे कुणी विचारत नाही. व्याकरणात शिकलेला प्रयोग निबंधात कामाला येतो, हे कुणी सांगत नाही. आणि निबंध? तो तर गाइडातून येतो!

गंमत अशी, की व्याकरण, लेखन आणि अभिजात साहित्य हे तीन धागे एकत्र विणायचे की सुटे ठेवायचे, या प्रश्नाशी एक शहर तीनशे वर्षं झगडत आलं आहे. आणि ते शहर आहे त्याच उत्तर प्रदेशाची राजधानी. लखनौ.

फिरंग्याच्या कोठीतली शाळा

लखनौ म्हटलं की नबाब, चिकनचं भरतकाम, कबाब आणि ‘पहले आप’ एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण जुन्या चौक भागात फिरंगी महल नावाची एक वास्तू आहे. कधीकाळी तिथे युरोपी व्यापारी राहत, म्हणून हे नाव पडलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने ती जागा मुल्ला कुत्बुद्दीन या मारल्या गेलेल्या विद्वानाच्या कुटुंबाला दिली. त्याच घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी (मृत्यू १७४८) एक अभ्यासक्रम घडवला. ‘दर्स-ए-निजामी’ या नावाने तो ओळखला जातो आणि भारतीय उपखंडातल्या असंख्य मदरशांत आजही त्याचा पाया टिकून आहे.

या अभ्यासक्रमाची सुरुवात व्याकरणाने होते. आधी ‘सर्फ’ म्हणजे शब्दांची रूपं, मग ‘नह्व’ म्हणजे वाक्यरचना. आपल्याकडे संस्कृत पाठशाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकत रूपावली पाठ होई आणि मगच पुढचं दार उघडे, तसंच हे. त्यानंतर तर्कशास्त्र, अलंकारशास्त्र, कायदा, धर्मशास्त्र. निजामुद्दीन यांचं सूत्र असं होतं, की प्रत्येक विषयातली थोडीच पण अवघड पुस्तकं पक्की करायची. अवघड घाट एकदा चढला, की पुढची सपाट वाट विद्यार्थी आपला आपण चालतो. या शिक्षणातून डोकं तल्लख होई, यात शंका नाही. राज्यकारभाराला, न्यायदानाला लागणारी माणसं त्यातून तयार झाली.

पण एक उणीव राहिली. अरबीचं व्याकरण वर्षानुवर्षं शिकलेला विद्यार्थी अवघडातलं अवघड वाक्य सोडवून दाखवी, मात्र स्वतः अरबीत एक पानभर लिहायची वेळ आली की अडखळे. भाषेची हाडं मोजता येत होती. भाषा चालवता येत नव्हती.

मुन्शी कसा घडे?

त्याच लखनौत दुसऱ्या बाजूला मक्तब होते. मौलवीसाहेबांच्या ओसरीवर भरणारी ही लहान मुलांची शाळा. इथे मुसलमान मुलांबरोबर कायस्थ, खत्री, काश्मिरी पंडित घराण्यांतली हिंदू मुलंही बसत. कारण सरकारी भाषा फारसी, आणि फारसी आली तर नोकरी! कंपनी सरकारने १८३७ साली आपल्या मुलखातल्या कचेऱ्यांमधून फारसीला निरोप दिला, पण अवध १८५६ पर्यंत नबाबांच्या हाती होतं. तिथे फारसीचा मान आणखी टिकला.

या मुलांच्या हातात फार लवकर एक पुस्तक येई. शेख सादीचं ‘गुलिस्ताँ’, १२५८ सालचं. आठ प्रकरणं. राजांच्या वागणुकीपासून म्हातारपणापर्यंतचे विषय, आणि सातवं प्रकरण तर शिक्षणावरच. छोटीशी गोष्ट, नेटकं गद्य, मध्येच दोन ओळींची कविता. मुलाच्या दृष्टीने ती गंमतीची गोष्ट असे. मौलवींच्या दृष्टीने त्याच पानात क्रियापदांची रूपं होती, वाक्याची ठेवण होती, चारचौघांत बोलावं कसं याचा धडाही होता.

मग पुढची पायरी येई, ती ‘इन्शा’ची. इन्शा म्हणजे रचना, मुख्यतः पत्रलेखन. थोरांना कसं लिहावं, बरोबरीच्याला कसं, विनंती कशी, तक्रार कशी, सांत्वन कसं. आपल्याकडे मोडीच्या काळात कारकुनांसाठी पत्रांच्या मायन्यांचे नमुने असत, त्यांचंच हे फारसी भावंडं. सादीच्या पानावर जे वाक्य वाचलं, ते आपल्या पत्रात वळवून वापरायचं, असा हा सराव.

शाहजहानच्या दरबारातले मुन्शी चंद्रभान ब्राह्मण यांनी आपल्या मुलाला, तेजभानला, लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चांगला मुन्शी व्हायचं तर काय काय वाच, हे बाप मुलाला सांगतो. ‘गुलिस्ताँ’ आणि ‘बोस्ताँ’ वाच, नीतीचे ग्रंथ वाच, इतिहास वाच, कवींचे दिवाण वाच. मसुदा नीट रचायला शीक, अक्षर चांगलं ठेव आणि जमाखर्चही विसरू नकोस. नोकरीसाठी मुलाला तयार करणारा हा व्यवहारी बाप आहे. पण कविता वाचण्यात वेळ जातो, असं तो कुठेही म्हणत नाही! चांगला मसुदा चांगल्या वाचनातूनच निघतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

अर्थात, मक्तबाचे गोडवे गाऊन भागणार नाही. छडी होती, घोकंपट्टी होती. मुली जवळजवळ नव्हत्याच, गरिबांची मुलंही नव्हती. आणि इन्शाचंही पुढे काय झालं? तयार पत्रांचे संग्रह निघाले. ज्याला स्वतःचं काही सांगायचं नाही, तोही त्यांतली नटवी वाक्यं उचलू लागला. भाषा फुलोऱ्याखाली गुदमरली. म्हणजे गाइडातला निबंध हा काही आजच्या काळाचा शोध नव्हे!

इंशांचा कान

लखनौतच या गोष्टीला एका कलंदर माणसाने वेगळं वळण दिलं. सय्यद इंशा अल्ला खाँ. जन्म मुर्शिदाबादचा, उमेदीची वर्षं दिल्लीत, आणि पुढे लखनौत नबाब सआदत अली खाँ यांच्या दरबारी. कवी, बहुभाषी, हजरजबाबी. त्यांचं टोपणनावसुद्धा ‘इंशा’, म्हणजे रचनाच! १८०८ साली त्यांनी मिर्झा कतील या मित्राच्या साथीने ‘दर्या-ए-लताफत’ हा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथ फारसीत, पण विषय उर्दूचं व्याकरण. भारतीय माणसाने लिहिलेलं उर्दूचं हे पहिलं व्याकरण मानलं जातं. मराठीत दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं १८३६ साली, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

या व्याकरणाची खुबी अशी, की ते जुन्या पोथ्या समोर ठेवून लिहिलेलं नाही. ते कान उघडे ठेवून लिहिलं आहे. दिल्लीच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत, वेगवेगळ्या थरांत लोक कसे बोलतात, बायकांच्या बोलण्यात कोणते खास शब्द येतात, हे त्यात नमुन्यांसह आलं आहे. परक्या भाषेतला शब्द मूळ भाषेत कसाही असो. उर्दूत तो जसा रुळला तसा तो उर्दूचा झाला, असं इंशांनी ठणकावून सांगितलं. मराठी माणसाला हे लगेच पटावं. फारसी ‘कुर्सी’ची आपण ‘खुर्ची’ केली, ‘जवाब’चा ‘जबाब’ केला. आता त्याला चूक कोण म्हणेल?

वृत्तांचा भाग कतील यांनी लिहिला. वृत्तं शिकवताना अरबी गणांची अवघड नावं कशाला, म्हणून त्यांनी ओळखीचे शब्द घेतले. ‘मफाईलुन’ या गणाला त्यांनी चक्क नाव दिलं ‘परी खानम’! प लघू, री गुरू, खा गुरू, नम् गुरू. आपल्या ‘यमाताराजभानसलगा’ची ही लखनवी बहीणच. नियम जिभेवर खेळला, की तो डोक्यात बसतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्याकरण लिहिणाऱ्या याच इंशांनी ‘रानी केतकी की कहानी’ लिहिली, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांनी स्वतःला अट घालून घेतली होती. फारसी-अरबी शब्द नको, संस्कृतचा भार नको, गावंढळ बोलीही नको. निव्वळ बोलती हिंदवी हवी. एका बुजुर्ग विद्वानाने ‘हे जमायचं नाही’ म्हणून मान हलवली, असं त्यांनीच सुरुवातीला सांगितलं आहे. त्यांनी ते जमवून दाखवलं. हिंदी गद्याच्या इतिहासात आज ही कथा पहिल्या पानांवर असते. वर्गात मुलांना देण्याजोगी यापेक्षा चांगली लेखनाची कसरत शोधून सापडायची नाही! एकही इंग्रजी शब्द न वापरता क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन करा, असं सांगून पाहावं. मुलं अर्धा तास शब्दांच्या मागे धावतील आणि तेवढ्या वेळात त्यांना शब्दांच्या जातीही कळतील.

‘दर्या-ए-लताफत’चा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. त्याचा उर्दू अनुवाद केला ब्रजमोहन दत्तात्रेय कैफी यांनी. १९३५ साली तो प्रसिद्ध केला अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने, आणि त्या वेळी या संस्थेचं ठाणं होतं औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात.

इंशांच्या पुढच्या पिढीत नासिख आणि आतिश हे लखनौचे मोठे उस्ताद. त्यांच्याकडे शागिर्द गजल घेऊन जात आणि उस्ताद ‘इस्लाह’ करीत. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. उस्ताद गजल नव्याने लिहून देत नसे. एखादा शब्द बदली, एखादा मागेपुढे करी. तेवढ्याने ओळ कशी उभी राहते, हे शागिर्दाला डोळ्यांदेखत दिसे. वहीवर लाल शाईने ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा मारणं वेगळं, आणि हे वेगळं.

शिबलींचा फेटा

फिरंगी महलातली उणीव भरून काढायची चळवळही लखनौतच उभी राहिली. १८९८ साली नदवतुल उलेमा या संस्थेचं दारुल उलूम इथे सुरू झालं. काही वर्षांनी त्याच्या शिक्षणाची सूत्रं मौलाना शिबली नोमानी यांच्या हाती आली. त्यांची तक्रार साधी होती. इतकी वर्षं अरबी शिकून मुलांना अरबी लिहिता-बोलता येत नसेल, तर शिकवलं काय? त्यांनी तर्कशास्त्राच्या टीकाग्रंथांचं ओझं कमी केलं आणि साहित्य, लेखन, भाषण यांना जागा दिली. शिवाय इंग्रजीही आणली. जुन्या मंडळींचा विरोध झाला, कुरबुरी झाल्या.

१९०७ सालच्या पदवीदान समारंभाची एक हकिकत नदव्याच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. या नव्या शिक्षणाचा उपयोग काय, अशी शंका अनेकांच्या मनात होती. शिबलींचा विद्यार्थी सुलेमान उभा राहिला. त्याला आयत्या वेळी विषय देण्यात आला, आणि तो अस्खलित अरबीत बोलत गेला. सभा थक्क झाली. शिबलींनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढला आणि शिष्याच्या डोक्यावर ठेवला! हेच सय्यद सुलेमान नदवी पुढे काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते.

त्याच नदव्यात १९३४ पासून अबुल हसन अली नदवी शिकवू लागले. त्यांनी मुलांसाठी प्रेषितांच्या गोष्टींची सोपी अरबी पुस्तकं लिहिली. शब्द मोजके, तेच पुन्हा पुन्हा येणारे, वाक्यं हळूहळू लांब होत जाणारी. मूल गोष्ट वाचतं आणि वाचता वाचता व्याकरण त्याच्या अंगवळणी पडतं. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अरबी गद्याचे वेचे निवडले. त्यात नटव्या गद्यापेक्षा इतिहास, पत्रं, आठवणी यांतलं सरळ, जिवंत गद्य जास्त. मुलाने ज्याच्यासारखं लिहावं असं वाटतं, तेच त्याला वाचायला द्यावं, हा त्यामागचा विचार.

मराठी पंडितांची साक्ष

आता लखनौच्याच कैसरबागेत एका मराठी माणसाने काय केलं, तेही पाहू. विषय भाषेचा नाही, संगीताचा आहे; पण मुद्दा तोच. मुंबईच्या वाळकेश्वरला जन्मलेले वकील विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय सुरू झालं. १९२८ पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य होते. आज तेच भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे.

भातखंड्यांपुढे अडचण अशी होती, की उस्तादांकडे बंदिशी होत्या, पण नियम सांगायला ते तयार नसत. पंडितांकडे नियमांच्या पोथ्या होत्या, पण त्यांना गाता येत नसे. भातखंड्यांनी मराठीतून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग लिहिले. त्यात रागाची माहिती आहे, सरगम आहे, घराण्यांतून मिळवलेल्या जुन्या बंदिशी आहेत आणि लक्षणगीतं आहेत. लक्षणगीत म्हणजे रागाचे नियम सांगणारं, त्याच रागात बांधलेलं गीत. मूल यमन गाता गाताच यमनचं व्याकरण म्हणत असतं! नियम, अभिजात रचना आणि स्वतःचं गाणं, तिन्ही एका जागी. भाषेच्या तासाला अजून जे साधत नाही, ते संगीताच्या वर्गात शंभर वर्षांपूर्वी साधलं.

आपल्या घरी, आपल्या वहीत

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, भाषणं झाली. शाळेतही कृतिपत्रिका आली, उपयोजित लेखन आलं. हे चांगलंच झालं. पण साठ मुलांच्या वर्गात बाईंनी प्रत्येकाचं लेखन किती वेळा वाचायचं आणि कधी? म्हणून मग उपयोजित लेखनाचंही गाइड निघतं. चंद्रभानच्या मुलाला लाभलेला बाप घराघरांत असता, तर हा प्रश्न पुष्कळसा सुटला असता. आणि तो बाप किंवा आई व्हायला पदवी लागत नाही. लागतो आठवड्यातून थोडा वेळ.

‘श्यामची आई’तलं एखादं पान घ्यावं. किंवा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधलं. लक्ष्मीबाई काही शाळेत जाऊन शिकल्या नव्हत्या. त्यांची अक्षरओळख घरातच झाली. तरी त्यांच्या गद्यातला बोलका ठसका भल्याभल्यांना साधत नाही. पहिल्या दिवशी ते पान मोठ्याने वाचावं, नुसतं वाचावं. प्रश्न विचारू नयेत.

दुसऱ्या दिवशी त्याच पानातली क्रियापदं मुलाला शोधायला सांगावीत. इथे ‘गेली’ का आणि ‘जात असे’ का, यावर दोन मिनिटं बोलावं. एकदाच घडलेली गोष्ट आणि रोज घडणारी गोष्ट, यांतला फरक मुलाला आपोआप कळतो. काळांचा तक्ता पाठ करून तो कळत नाही.

तिसऱ्या दिवशी लिहायचं. तीच गोष्ट आईच्या तोंडून सांग, किंवा तीच गोष्ट मामाला पत्रात लिही. कोण बोलतंय हे बदललं की ‘मी’चा ‘तो’ होतो आणि क्रियापदं, प्रत्यय सगळे जागा बदलतात. मुलाला घाम फुटतो, आणि तोच खरा व्याकरणाचा तास असतो. पुढच्या आठवड्यात त्या पानाच्या चालीवर आपल्याच घरातल्या एका प्रसंगाच्या दहा ओळी लिहायच्या.

चौथ्या दिवशी इस्लाह. दहा चुका असल्या तरी दोनच दाखवाव्यात. वाक्य आपण लिहून देऊ नये. एक शब्द बदलून दाखवावा आणि दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचायला लावावीत. कुठलं चांगलं, ते मुलानेच सांगावं.

अशा सरावात व्याकरण कसं उपयोगी पडतं, याचं घरगुती उदाहरण सांगायचं तर खिडकीच्या काचेचं. चेंडू लागतो, काच तडकते आणि चिरंजीव सांगत येतात, ‘आई, काच फुटली!’ या वाक्यात कर्ता कोण? काच! व्याकरणाने काचेवर सगळं ढकललं आणि पोरगा सुटला. ‘मी काच फोडली’ म्हटलं, की कर्ता सापडतो. एवढं हसत हसत समजलेलं मूल कर्ता म्हणजे काय, हे जन्मात विसरत नाही. शिवाय वर्तमानपत्रात ‘झाडं तोडली गेली’ असं वाचल्यावर ‘कुणी तोडली?’ असं विचारायलाही ते शिकतं. भाषा शिकण्याचा याहून मोठा लाभ कोणता?

आणि निबंध? ‘पावसाळा हा सर्वांना आनंद देणारा ऋतू आहे’ हे वाक्य हजारो वह्यांत सापडेल. ‘पाऊस आला की आजी पापड उचलायला गच्चीवर धावते आणि आम्हा सगळ्यांना हाका मारते’ हे वाक्य एकाच वहीत सापडेल. पहिलं वाक्य शुद्ध आहे, पण ते कुणाचंच नाही. दुसरं त्या मुलाचं आहे. ते लिहायला धीर लागतो, आणि तो धीर चांगलं वाचल्यानेच येतो. मोठ्या लेखकांनीही आजी, पापड आणि गच्चीबद्दलच लिहिलं आहे, हे त्याला तिथे कळतं.

बनारसजवळच्या लमही गावातला धनपतराय नावाचा मुलगा लहानपणी मौलवींकडे उर्दू-फारसी शिकला. तेरा-चौदाव्या वर्षी त्याने उर्दू कादंबऱ्यांचा फडशा पाडला. त्यांत लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने घरोघरी पोहोचवलेली पुस्तकंही होती. तो पुढे शाळामास्तर झाला, शाळा तपासनीस झाला आणि लखनौच्या ‘माधुरी’ मासिकाचा संपादकही झाला. जग त्याला प्रेमचंद म्हणून ओळखतं. त्यांचं हिंदी वाचताना कुठेही अडायला होत नाही, कारण ते सगळं वाचलेलं, ऐकलेलं आणि लिहून लिहून घोटलेलं आहे.

फिरंगी महलात व्याकरण होतं, पण लिहिणं मागे पडलं. मुन्शींच्या संग्रहांत लिहिणं होतं, पण स्वतःचं सांगणं हरवलं. तीन धाग्यांतला एक जरी सुटला, तरी वीण उसवते, हे लखनौने तीनशे वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं. आपल्या मुलांच्या बाबतीत ते पुन्हा पाहायची गरज नाही. या रविवारी एक चांगलं पान मोठ्याने वाचावं आणि मुलाकडून त्याची स्वतःची पाच वाक्यं लिहून घ्यावीत. व्याकरण त्या पाच वाक्यांतच सापडेल.